जामीनदार कुठून आणायचा?

महोदय,

जपानमध्ये आजारपण परवडते, असे कालच्या पुरवणीत ठासून लिहिले आहे. लेखकाने हिशेब रुग्णालयाच्या बिलापाशीच थांबवला, म्हणून हे पत्र. १९६१पासून तिथे सगळ्यांना विमा आहे, साधारणपणे रुग्णाने ३० टक्के भरायचे आणि त्यालाही दरमहा कमाल मर्यादा आहे, हे खरेच. त्या मर्यादेमुळे आम्ही तरलो. ती वाढवायचा सरकारचा बेत रुग्ण संघटनांच्या विरोधामुळे मार्च २०२५मध्ये तेव्हाचे पंतप्रधान इशिबा यांना थांबवावा लागला, हे मात्र लेखात नाही.

माझ्या नवऱ्याचे तोक्योत आतड्याचे ऑपरेशन झाले. दाखल होताना जामीनदाराची सही मागितली. जामीनदार वेगळ्या घरात राहणारा आणि कमावता हवा. बिल थकले तर त्याने भरायचे, माणूस दगावला तर देह त्याने ताब्यात घ्यायचा. आमचे सगळे गणगोत साताऱ्यात! काउंटरवरच्या बाई अत्यंत नम्रपणे तेच तेच सांगत राहिल्या. केवळ जामीनदार नाही म्हणून रुग्णाला नाकारता येत नाही, असे तिथल्या आरोग्य मंत्रालयाने २०१८मध्येच कळवले आहे. हे आम्हाला तेव्हा कोणी सांगितले नाही. शेवटी नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका वयस्कर सहकाऱ्याने सही केली. पण सही मागायची म्हणजे आजार सांगणे आले. थोड्याच दिवसांत तो सगळ्या ऑफिसला कळला आणि पुढे कंत्राट वाढवले गेले नाही. कारण विचारले, तर उत्तर मिळाले नाही. ही किंमत कोणत्या बिलात धरायची?

आम्ही निदान परत येऊ शकलो. मूलबाळ नसलेल्या, एकट्या राहणाऱ्या जपानी वृद्धांनी काय करायचे? पैसे घेऊन जामीन राहणाऱ्या कंपन्या तिथे निघाल्या आहेत, इतकी ही गरज मोठी आहे.

पगाराचेही तसेच. आजारपणासाठी वेगळी भरपगारी रजा तिथल्या कायद्यात नाही. लोक हक्काची वार्षिक रजा त्यात घालवतात. त्यानंतर विम्यातून सुमारे दोन तृतीयांश पगार मिळतो, जास्तीत जास्त दीड वर्ष, आणि तोही नोकरदारांच्या विम्यात. छोटा दुकानदार किंवा फ्रीलान्स काम करणारा आजारी पडला, तर त्याला सहसा तेवढेही नाही.

आणखी एक. घरच्या वृद्धांची सेवा करणाऱ्या जपानी सुनेच्या फोटोखाली तुम्ही 'संस्कार' असा मथळा दिला आहे. घरातल्या आजारी किंवा वृद्ध माणसाच्या शुश्रूषेसाठी नोकरी सोडणाऱ्यांची संख्या २०२२च्या तिथल्या सरकारी पाहणीत एका वर्षात १ लाखावर गेली होती आणि त्यात बहुसंख्य स्त्रिया होत्या. मिळकत गेली, पुढचे पेन्शन घटले, पन्नाशीत पुन्हा नोकरी मिळेना, असे हे नुकसान आहे. फोटोखाली ते लिहायला हवे होते.

लेखाचा उत्तरार्ध पुढच्या आठवड्यात येणार असल्याचे छापले आहे. त्याआधी अशा दोन-चार बायकांशी बोलायला लेखकाला सांगावे, ही विनंती.

– एक वाचक, सातारा