बाद मताने निकाल फिरला नव्हता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राज्यसभेची निवडणूक जवळ आली, की १० जून २०२२ ची लढत आठवली जाते आणि शिवसेनेचे आमदार सुहास कांदे यांचे मत बाद झाल्यानेच त्याच पक्षाचे उमेदवार संजय पवार पडले, असे हमखास सांगितले जाते. ते मत बाद करणे योग्य होते की नाही, हा वाद स्वतंत्र आहे. परंतु निकाल त्यावर अवलंबून नव्हता, हे आकडे मांडल्यास ध्यानात येते.

तेव्हा विधानसभेची एक जागा रिक्त होती आणि अनिल देशमुख व नवाब मलिक यांना कोठडीतून मतदानास येण्याची परवानगी मिळाली नाही, म्हणून २८५ आमदारांनी मतदान केले व २८४ मते वैध ठरली. प्रत्येक मताचे मूल्य १०० धरून एकूण मूल्याला जागांपेक्षा एकाने अधिक, म्हणजे येथे सातने, भागायचे आणि भागाकारात एक मिळवायचा, या नियमाने कोटा, म्हणजे निवडून येण्यासाठी लागणारे मूल्य, ४०५८ झाला. पहिल्या पसंतीची मते पवारांना ३३, तर भाजपचे धनंजय महाडिक यांना २७ होती. पण भाजपचेच पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मते होती आणि कोट्यावरचे त्यांचे मूल्य पुढच्या पसंतीने महाडिकांकडे वळले.

आता कांदे यांचे मत वैध मानून पवारांच्या खात्यात टाकू. कोटा ४०७२ होतो. गोयल व बोंडे यांचे प्रत्येकी ७२८ मूल्य ४८ मतपत्रिकांत वाटले, की अपूर्णांक सोडून दर पत्रिकेला १५ येतात. म्हणजे महाडिकांना १४४० मिळून त्यांची बेरीज ४१४० होते आणि ते निवडून येतात. पवारांना मात्र महाविकास आघाडीच्या उरलेल्या तिघांचे (४४, ४३ आणि ४१ मते) सगळे जादा मूल्य मिळाले, तरी ते चाळीस मतांच्या आतच राहतात.

भाजपचे आमदार १०६ असताना त्यांच्या तीन उमेदवारांना मिळून १२३ मते पडली. वरची सतरा मते अपक्षांची आणि लहान पक्षांची होती, असे मानण्यावाचून गत्यंतर नाही, आणि चर्चा खरे तर त्यांचीच व्हायला हवी होती. २००३ च्या कायदादुरुस्तीने या निवडणुकीत खुले मतदान आणले, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते वैधही ठरवले. पण पक्षाच्या आमदाराने मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते, अपक्षाने ती कोणालाच दाखवायची नसते. घोडेबाजार रोखण्यासाठी केलेली व्यवस्था त्यामुळे जिथे तो होण्याची शक्यता सर्वाधिक, तिथेच लागू पडत नाही. ही उणीव बाजूला राहिली आणि मध्यरात्र उलटेपर्यंत रखडलेल्या मोजणीत सर्वांचे लक्ष आक्षेप घेतलेल्या मतांवरच खिळले.

२०२४ मध्ये राज्यातील सहा जागा बिनविरोध भरल्या गेल्याने हा प्रश्न पुन्हा पुढे आला नाही. यापुढे लढत होईल तेव्हा आपल्या दैनिकाने कोटा, प्रत्येक पक्षाचे संख्याबळ आणि अपक्षांची संख्या यांचा तक्ता मतदानाच्या आदल्या दिवशीच छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा