ट्रंक उघडण्याआधी

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक उतरवायची असं फोनवर ठरलं, म्हणून हे आधीच लिहून पाठवतेय. आबांची दुसऱ्या महायुद्धातली पदकं, त्यांचे कागद आणि मोठ्या मामांची एकाहत्तर सालच्या युद्धातली पत्रं सगळं त्या एकाच ट्रंकेत आहे. आई, तुझा हात कुठे जाणार ते मला माहीत आहे, म्हणून पहिलं तेच सांगते. पदकांना पितांबरी लावायची नाही. चिंच, लिंबू, ब्रासो, राख, काहीच नाही. तांब्या जाड असतो, त्याला घासणं सोसतं. पदकावरचं नक्षीकाम मात्र केसाएवढं उंच असतं आणि कडेवर ठोकलेला नाव-नंबर तेवढाच खोल. चार दिवाळ्यांत तो गुळगुळीत होतो, आणि मग ते पदक कुणाचं हे सांगायला काही उरत नाही. शिवाय ब्रासोची पांढरी भुकटी अक्षरांच्या खाचांत बसते ती निघत नाही. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटक, बास. काळपटपणा राहू दे.

पण पदकांआधी ग्रुप फोटो काढा. पदकं आणखी पन्नास वर्षं टिकतील. फोटोतली माणसं ओळखणारे आता तुम्ही दोघंच आहात.

तो जाड पुठ्ठ्यावरचा पलटणीचा फोटो. मधे खुर्च्यांवर साहेब, त्यांच्या शेजारी सुभेदार-जमादार, मागे उभ्या रांगा, पुढे मांडी घालून बसलेले जवान. पुठ्ठ्याच्या खालच्या पट्टीवर पलटण, कंपनी, साल आणि स्टुडिओचं नाव छापलेलं असतं. फ्रेमवाले नेमकी तीच पट्टी फ्रेमच्या मापासाठी कापतात, म्हणून फोटो फ्रेमवाल्याकडे एकटा सोडू नका. काचेला चिकटला असेल तर ओढू नका. फोटोवरचा थर जिलेटिनचा असतो, ओल लागली की फुगून काचेला धरतो, आणि ओढला की चेहरेच काचेवर राहतात. तसाच, काचेसकट, खिडकीपाशी तिरका धरून मोबाईलवर काढा. फ्लॅश नको.

मग त्या फोटोची मोठी झेरॉक्स काढा आणि झेरॉक्सवर, मूळ फोटोवर नाही, प्रत्येक डोक्यावर आकडा टाका. वहीत आकड्यापुढे नाव, गाव, नातं. ‘बार्शीकडचे, आबांच्या लग्नाला आले होते’ एवढंही चालेल. दंडावरच्या फितीही लिहा: एक म्हणजे लान्स नाईक, दोन म्हणजे नाईक, तीन म्हणजे हवालदार. आबांची बढतीची तारीख कागदात सापडली की फितीवरून फोटोच्या सालाचा अंदाज येतो. सुट्या फोटोंच्या मागे लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, फोटो काचेवर पालथा ठेवून. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो.

कागदांत सगळ्यात मोलाचं आहे ते डिस्चार्ज बुक, फौजेतून सुटताना मिळालेलं. तुम्ही त्याला कायम ‘आबांचं पुस्तक’ म्हणता तेच. त्यात नंबर, हुद्दा, बापाचं नाव, गाव-तालुका, भरतीची नि फौजेतून सुटल्याची तारीख, वर्तणुकीचा शेरा आणि मिळालेल्या पदकांची नोंद असते. त्यातला नंबर बाकी सगळ्याची किल्ली आहे. एकाच पलटणीत एकाच नावाचे चार-चार जवान असायचे. नंबराशिवाय कुठल्याच दफ्तरात आपला माणूस सापडत नाही.

एक विनंती: त्याचं लॅमिनेशन करू नका. झेरॉक्सवाला आपणहून सुचवेल, ‘काका, कायमचं टिकेल’ म्हणून. लॅमिनेशनमध्ये तापलेलं प्लास्टिक कागदाच्या धाग्यांत वितळून बसतं, ते परत निघत नाही, आणि आत कागद पिवळा पडायचा तो पडतोच. सेलोटेप आणि फेविकॉलचंही तेच. घडीवर फाटलेला कागद दोन तुकड्यांतच राहू द्या, पाकिटात एकत्र.

पुस्तकात ‘१/५’ किंवा ‘३/५’ असं काही दिसेल. ती तारीख नाही, कंपनीही नाही. त्या काळी आबांच्या रेजिमेंटचं नाव ५ वी मराठा लाइट इन्फंट्री होतं. ३/५ म्हणजे तिची तिसरी पलटण. स्वातंत्र्याच्या सुमारास तो पाच गेला, म्हणून आजच्या नावाशी तो जुळत नाही. हा फरक छोटा नाही. ३/५ ही १९४१ च्या मार्चमध्ये इरिट्रियात केरनच्या डोंगरांवर लढली आणि पुढे इटलीत. १० जुलै १९४४ च्या टायबरच्या वरच्या खोऱ्यातल्या पराक्रमासाठी यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस (शौर्याचं सर्वोच्च ब्रिटिश पदक) मिळाला, ते याच पलटणीचे. सेनिओ नदीवरच्या ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठी नामदेव जाधवांना मिळाला, ते १/५ चे. बाबा, तुम्ही नेहमी ‘इटलीत व्हिक्टोरिया क्रॉसवाले आबांच्या पलटणीत होते’ एवढंच सांगता. दोघांपैकी कोण, हे त्या आकड्यावरून ठरेल.

कागद गहाळ असला तरी फितींचे रंग बरंच बोलतात. सहा टोकांचे तारे हे रणांगणांचे. लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल पट्टा म्हणजे इटली स्टार. वाळूच्या रंगावर मधे लाल आणि दोन्हीकडे गडद-फिक्या निळ्या बारीक रेघा म्हणजे आफ्रिका स्टार, आणि केरनची लढाई त्यातच धरतात. मधे रुंद लाल, दोन्हीकडे निळ्यात नारिंगी रेघ असली तर बर्मा स्टार. गडद निळा, लाल, फिका निळा असे तीन सारखे पट्टे हा १९३९-४५ स्टार. गोल पदकामागे हिंदुस्थानचा नकाशा असेल तर ते इंडिया सर्व्हिस मेडल. केशरी-पांढऱ्या-हिरव्या फितीचं पदक निघालं तर आबा १५ ऑगस्ट १९४७ ला फौजेतच होते असं समजा. ते नसेल तर बहुधा युद्धानंतरच्या कपातीत सुटले.

फिती म्हणून धुवायच्या नाहीत, रंग उतरतो. जीर्ण झाल्या म्हणून नव्या लावायच्या नाहीत, निदान जुनी फेकायची तरी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या ताऱ्यांवर बऱ्याचदा नावच नसतं, मामांच्या पदकांवर मात्र कडेला किंवा मागे असतं. म्हणून दोघांची पदकं एका डब्यात ओतू नका. प्रत्येक पदक वेगळं, खळ न घातलेल्या, धुऊन-धुऊन मऊ झालेल्या जुन्या धोतराच्या तुकड्यात, आणि सोबत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. लोकरीचंही तसंच. जुन्या मऊ प्लास्टिकचे अल्बम नकोत, त्यातून आम्ल सुटतं आणि तांब्यावर हिरवं चढतं. आणि ट्रंक परत माळ्यावर नको. सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून जास्त. मधल्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा सगळ्यात बरा. डांबर गोळ्या फोटोंजवळ ठेवू नका. कसर लागली आहे का ते दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघणं हाच खरा उपाय.

मामांची पत्रं. आई, पाकिटं फेकू नकोस आणि तिकिटं कापू देऊ नकोस. पत्रात जागेचं नाव लिहायला मनाई असायची, म्हणून आत ‘आम्ही सर्व खुशाल’ एवढंच सापडेल. तारीख आणि जागेचा धागा देतो तो पाकिटावरचा फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे फौजेच्या टपालघराचा, शिक्का. ‘५६ एपीओ’ हा पत्ता कितीतरी पलटणी वापरायच्या, तो गाव नाही. त्याच्या आधी लिहिलेलं युनिटचं नाव महत्त्वाचं. पश्चिमी स्टार निघाला तर मामा पश्चिम आघाडीवर होते, पूर्वी स्टार निघाला तर बांगलादेशाच्या बाजूला. आजीकडच्या मंडळींत यावरून जो वाद आहे तो दहा मिनिटांत मिटेल. पत्रं तारखेने लावा, प्रत्येक पत्र त्याच्याच पाकिटात, पिन काढून. पिना गंजून कागद खातात. आबांच्या काळातलं एखादं पत्र मोडीत असेल तर तेही ठेवा. मोडी वाचणारे अजून आहेत.

आता दफ्तरांचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. मामा तोफखान्यात होते, तेव्हा त्यांचा अर्ज नाशिकला जाईल. चीफ रेकॉर्ड ऑफिसरच्या नावाने साधं पत्र: नंबर, हुद्दा, नाव, गाव, भरतीचं साल, तुमचं नातं आणि नात्याच्या पुराव्याची प्रत. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकाराखाली, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून. अपेक्षा बेताची ठेवा. पेन्शन न मिळालेल्या जवानाची कागदपत्रं ठरलेल्या मुदतीनंतर, साधारण २५ वर्षांनी, नष्ट करतात. युद्धानंतर घरी पाठवलं असेल तर आबा त्यातलेच. त्यांच्याबद्दल लाँग रोलमधल्या, म्हणजे जवानांच्या कायम ठेवलेल्या नोंदवहीतल्या, एक-दोन ओळी मिळाल्या तरी पुष्कळ.

त्याहून जवळचा मार्ग सोलापुरातच आहे. पेन्शन नसलेल्या दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा अनुदान देतं. आजीला ते कधी मिळालं असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिची फाईल असणार, आणि अर्जाला आबांच्या डिस्चार्जची प्रत जोडलेली असणार. बाबा, आजीचं ओळखपत्र आणि तुमचा नात्याचा दाखला घेऊन जा. महिनाअखेरीला नको, तेव्हा माजी सैनिकांची गर्दी असते.

धाकटे चुलत आजोबा परत आले नाहीत, त्यांचं वेगळं शोधायचं. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ मधल्या मृतांचीच नोंद आहे. आबा तिथे सापडणार नाहीत, त्याने घाबरू नका. शोधताना इंग्रजीत ‘सोलापूर’ टाकू नका, तेव्हा ‘शोलापूर’ लिहायचे, आणि मराठाचं स्पेलिंग तेव्हा ‘Mahratta’ असं होतं. गावाची नावं साहेबाच्या कानाने लिहिलेली असत, म्हणून आडनावापेक्षा नंबराने शोधा. समाधी नसेल, कारण आपल्याकडच्यांना अग्नी दिला. नाव एखाद्या स्मारकाच्या भिंतीवर असेल: इटलीसाठी कॅसिनो, ब्रह्मदेशासाठी रंगूनजवळचं तौक्यान, सिंगापूरसाठी क्रांजी. नोंदीत आईबापांची, बायकोची नावंही बऱ्याचदा असतात. पणजीचं नाव आपल्या वंशावळीत रिकामं आहे ते कदाचित तिथेच मिळेल.

लाहोरच्या संग्रहालयातल्या पहिल्या महायुद्धाच्या नोंदवह्यांबद्दल व्हॉट्सअॅपवर जे फिरतं ते सोडून द्या. त्या पंजाबच्या आहेत. गावी गेलात तर चावडीची भिंत मात्र बघा. ‘या गावातून इतके लोक महायुद्धास गेले, पैकी इतके मेले’ अशी संगमरवरी पाटी पुष्कळ गावांत आहे. त्यावर नावं नसतात, फक्त आकडे. चुना मारताना ती झाकली जाते.

बाबा, मोबाईलवर तुमचं बोलणंही रेकॉर्ड करून ठेवा. पंखा बंद, कुकर लागण्याआधी, फोन टेबलावर हातभर अंतरावर, एका वेळी अर्धा तास. ‘युद्ध कसं होतं’ असं कुणी विचारलं की सगळे तीच दोन वाक्यं सांगतात. त्याऐवजी मनीऑर्डर कोण आणायचं, पत्र कोण वाचून दाखवायचं, आबा रजेवर आले तेव्हा ट्रंकेत काय होतं, कुठल्या स्टेशनवर उतरले, हे सांगा. आणि भरतीचंही सांगा. १९३० च्या मे महिन्यात शहरात मार्शल लॉ लागला, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात सोलापूरच्या चौघांना फाशी झाली, आणि दहा वर्षांनी आबा त्याच सरकारच्या फौजेत गेले. घरात हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, त्याचं कारण तुम्हाला माहीत असेल. पगार होता की दुष्काळ की भाऊबंदकी, जे असेल ते सांगा. सजवू नका आणि झाकूही नका.

पहिल्या दिवशी फक्त ग्रुप फोटो आणि डिस्चार्ज बुकाची पानं मला पाठवा, कोऱ्या पानांसकट, क्रमाने. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर अक्षरं फुटतात. नंबर हाती आला की बेळगाव आणि नाशिकचे अर्ज मी इंग्रजीत लिहून पाठवते, बाबांची सही तेवढी लागेल. पोस्टल ऑर्डर दोन आणून ठेवा.

तुमची,
वैशाली