टूलरूम हे कारखान्याचे मुख्य काम नव्हे काय?

महोदय,

21 नोव्हेंबर 2025 रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेच्या 57व्या कलमाने कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावण्यास मनाई केली आहे, हे वाचून अनेकांना दिलासा वाटला असेल. मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यात 31 वर्षे डायमेकर म्हणून, म्हणजे पत्रा कापण्याचे वा त्याला आकार देण्याचे साचे (डाय) बनवणारा कारागीर म्हणून, काम केले. त्याच संहितेतली मुख्य कामाची व्याख्या वाचल्यावर मला मात्र काळजी वाटू लागली आहे. सफाई, पहारा, उपाहारगृह, बागकाम ही कामे त्यातून वगळली आहेत, ते समजू शकते. परंतु जे काम सलग नसून अधूनमधून निघते, तेही मुख्य कामाचा भाग असले तरी वगळले आहे. टूलरूमचे, म्हणजे डाय बनवण्याच्या व दुरुस्त करण्याच्या विभागाचे, काम स्वभावतःच असे असते. डाय बिघडली की ती दुरुस्त करायची, नवा जॉब आला की नवी डाय बनवायची, आणि एरवी सगळे सुरळीत चालू असेल तर टूलरूममधली माणसे रिकामी दिसतात. खर्चाचा तक्ता घेऊन वरच्या मजल्यावर बसलेल्या साहेबांना तर ती नेहमीच रिकामी दिसत आली आहेत.

मी होतो त्या कारखान्यात टूलरूम बंद झाली ती एका दिवसात नव्हे. आधी ज्येष्ठांना व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) दिली, मग निम्मे काम जॉब वर्क म्हणून बाहेर गेले, आणि राहिलेल्या कामासाठी ठेकेदाराची मुले आली. कागदावर मोठी बचत दिसली, कारण पगाराचा कायमचा खर्च जाऊन नगावर बिल येऊ लागले. त्याच सुमारास घडलेली एक गोष्ट सांगतो. दोन मिलिमीटर पत्र्यातून नग कापणाऱ्या एका ब्लँकिंग डायवरून निघणाऱ्या नगांना बर, म्हणजे कापलेल्या कडेला धातूची खरखरीत धार, येऊ लागली. डाय बाहेर पाठवली, त्यांनी धार लावून परत दिली, आठवडाभरात पुन्हा बर. पुन्हा पाठवली, पुन्हा धार, पुन्हा बिल. तिसऱ्या खेपेला पंचाचा, म्हणजे डायमध्ये उतरून पत्रा कापणाऱ्या भागाचा, कोपराच उडाला आणि लाइन दीड दिवस बंद राहिली.

त्या नगावरची बर एकाच अंगाला होती. धार गेली असेल तर बर सगळीकडे येते. एकाच बाजूला आली तर पंच डायच्या मध्यावर बसत नाही, बहुधा गाइड पिलरचा, म्हणजे पंच सरळ खाली उतरवणाऱ्या खांबाचा, बुश झिजलेला असतो. आमचे मिस्त्री अशा वेळी पंचाखाली पातळ कागद ठेवून प्रेस हाताने फिरवत आणि कागद कुठे स्वच्छ कापला गेला, कुठे नुसता दुमडला, हे पाहून दोष कोणत्या बाजूला आहे ते सांगत. या तपासणीला दहा मिनिटे लागतात. पण त्यासाठी प्रेस, डाय आणि जाणणारा माणूस एका छपराखाली हवा. बाहेरच्या कारागिराकडे फक्त डाय जाते, प्रेस जात नाही. त्याला धार लावायचे काम दिले होते, ते त्याने चोख केले. शिवाय दर वेळी घासल्याने डायचे आयुष्य तेवढे कमी झाले, ते वेगळेच. तो दीड दिवस उत्पादनाच्या खात्यावर पडला, भंगारात गेलेले नग क्वालिटीच्या खात्यावर, आणि बचत मात्र टूलरूमच्या खात्यावर तशीच शाबूत राहिली.

बाहेरच्या कारागिराला मी दोष देत नाही. भोसरीतल्या अशा छोट्या शेडमध्ये काम करणारे कित्येक जण व्हीआरएसच्या पैशातून मशीन घेतलेले आमचेच जुने सोबती आहेत. दरवर्षी दर कमी करून मागितले जातात, आणि कायद्याने 45 दिवसांत मिळायला हवे असलेले बिल तीन-तीन महिने अडकते. अशा स्थितीत त्यांनी शिकाऊ मुलगा ठेवावा तरी कसा?

मला खरे दुःख आहे ते ठेकेदाराकडून आलेल्या मुलांचे. माझ्या हाताखाली बीडकडचा एक मुलगा होता. आयटीआयमधून फिटरचा दोन वर्षांचा कोर्स केलेला, हात अतिशय स्थिर. इंजिनिअर्स ब्ल्यू हा निळा रंग लावून डायचे दोन भाग एकमेकांवर टेकवायचे, निळा डाग जिथे उठेल तिथेच नेमके स्क्रेपरने उतरवायचे, हे काम त्याने चार महिन्यांत असे उचलले की मला माझे उमेदवारीचे दिवस आठवले. सातव्या महिन्यात त्याला ब्रेक दिला. वर्षात 240 दिवस भरले तर हक्क लागू होतात, म्हणून ते भरूच द्यायचे नाहीत, ही पद्धत औद्योगिक पट्ट्यात सर्वांना ठाऊक आहे. दोन महिन्यांनी तो दुसऱ्या ठेकेदाराच्या गेटपासवर परत आला तो पॅकिंगमध्ये. डायमेकर घडायला सात-आठ वर्षे लागतात; सात महिन्यांच्या तुकड्यांत तो घडत नाही. आणि आम्हा कायम कामगारांनाही हे सांगायला हवे की, वेतनकरार करताना आमच्या युनियनने या मुलांचा विषय टेबलावर कधी ठेवला नाही. त्याची खंत मला आजही आहे.

संघटित कारखान्यांत आज दर पाच कामगारांमागे सुमारे दोन कंत्राटी आहेत, असे केंद्राच्या वार्षिक उद्योग पाहणीतून दिसते. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातही मनाईची तरतूद होतीच. पण मनाई झाली तरी कामगार आपोआप कायम होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्पष्ट केल्यावर तिचा धाक उरला नाही. याच पुण्यात टेल्कोचे (आजच्या टाटा मोटर्सचे) प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी कारखाना उभारताना ट्रकच्याही आधी मशीन टूल्सचा विभाग आणि शिकाऊ कामगारांचे प्रशिक्षण सुरू केले होते. ट्रक त्यानंतर बऱ्याच वर्षांनी बाहेर पडले. आजच्या हिशेबाने ती सगळी वर्षे नुसता खर्चच ठरली असती. या पट्ट्यातल्या अनेक टूलरूम मात्र पुढे त्या आणि तशाच शाळांतून शिकलेल्या माणसांनी चालवल्या.

कोणते काम मुख्य आणि कोणते नाही, यावर सल्ला देण्यासाठी राज्य सरकारला प्राधिकारी नेमण्याचा अधिकार याच 57व्या कलमात आहे. तो महाराष्ट्राने वापरावा, आणि टूलरूम व यंत्रांची देखभाल ही अधूनमधून निघणारी कामे नव्हेत, असे अधिसूचनेत स्पष्ट लिहावे. सल्ल्यासाठी बसणाऱ्यांत वकील आणि अधिकाऱ्यांबरोबर ज्यांनी स्वतः डाय बसवली आहे असे दोन-तीन जण असावेत. आमच्या बॅचचे बहुतेक लोक आता पासष्टीच्या पुढे गेले आहेत, तेव्हा ही नेमणूक लवकर व्हावी ही विनंती.

– एक निवृत्त डायमेकर, भोसरी, पुणे