बाळ्या, इंजिन उघडू की तसंच बसवू?

बाळ्या,

तुझ्या तीन मेसेजना उत्तर दिलं नाही, शिव्या दे, खाऊन घेतो. तब्येत ठीक, शुगरची गोळी चालू, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता ती माझ्यापेक्षा चांगलं बघते. बास.

अण्णांच्या जीपचं जुनं 4.90 इंजिन गेलं शेवटी. नांदुरीच्या घाटात सेकंडला पण रडत होती, मागे निळा धूर, झिजल्या रिंगांतून खाली येणारा गॅस, आपलं बॅक कॉम्प्रेशन, इतकं की डिपस्टिक उडून बाहेर. मग सातपूरला एका जुन्या बोलेरोतलं एक्सडी थ्री पी इंजिन मिळालं, 35 हजारात. घराणं तेच प्यूजोचं, फक्त 2112 च्या जागी 2498 सीसी. मीटर म्हणतो 2,84,000, आता केबल मधे किती वर्षं तुटलेली होती ते सप्तशृंगीलाच माहीत.

काल ते जमिनीवर टायरवर ठेवून चालू केलं. डिझेलचा कॅन, नळाचा पाइप, उधारीची बॅटरी. हीटर दिला आणि अर्ध्या सेल्फला उचललं रे! मेस्त्री म्हणाला, उद्याच चढवू. मी हो म्हणणार तेवढ्यात ऑइलचं झाकण काढलं, तर तीच बॅक कॉम्प्रेशनची वाफ. थोडीशीच. जुन्या डिझेलला थोडी असतेच, पण थोडी म्हणजे किती, तिथेच रात्रभर अडकलोय. बायकोला विचारलं तर ती म्हणाली, विका.

आत्ता ते खाली आहे तोवर काम सोपं, एकदा चढवलं आणि मग गेलं तर उतरवायची मजुरी परत. पण उघडलं की थांबता येत नाही हे तुला मी काय सांगू. रिंगा म्हटल्या की बोअर ओव्हल निघतो, बोअर केला की पिस्टन, मग क्रँक ग्राइंडिंगला, मेस्त्रीने 60 हजार एका दमात सांगितले. नुसतं हेड करावं तर वर टाईट झालं की खालच्या जुन्या रिंगा बोंबलतात.

हो, येझदी आठवली ना? दात काढू नकोस. चालू गाडी मी उघडली, मान्य, उरलेले नट अजून डालड्याच्या डब्यात आहेत. पण कार्ब्युरेटर तू हरवलास, 26 वर्षं झाली, मी विसरलेलो नाही. आणि खरं सांगू का, 60 हजाराचं टेन्शन नाहीये, अण्णांची जीप पण तशीच दारात तुकड्यांत पडून राहील, त्याची धास्ती आहे.

उद्या अंबडहून एकजण डिझेलचा कॉम्प्रेशन गेज आणतोय, मेस्त्रीकडे पेट्रोलचाच आहे, तो डिझेलला लावला तर काटा गेला कामातून. चारही सिलिंडर जवळपास सारखे आले आणि गरम झाल्यावर आयडलला ऑइल प्रेशर टिकलं तर हात लावणार नाही, एक जरी पडलेला निघाला तर उघडणार. रिंगा गेल्यात का ते बघायला सिलिंडरमधे तेल ओतायची आपली ट्रिक इथे चालत नाही, डिझेलला वर जागा एवढीशी, तेलानेच कॉम्प्रेशन वाढलेलं दिसतं. मागचं ऑइल सील, क्लच प्लेट, वॉटर पंप मात्र कसंही झालं तरी नवीनच. आरसीवर इंजिन नंबर चढवायचा आरटीओचा फेरा वेगळाच.

तुझं नगरचं घर झालं का? पोरीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार, फोनवर नीट बोलू.

रेकॉर्डिंग पाठवलंय, हेडफोन लावून ऐक. तिसऱ्या सिलिंडरला मला बारीक टकटक येते, मेस्त्री म्हणतो इंजेक्टर. त्याचा पाइप ढिला करून टकटक बदलते का ते बघितलं नाहीये अजून, आधी तू ऐक.

तुझाच,
दिल्या