नोड उठेनात तेव्हा फोन उचलणाऱ्या ताईंना

ताई,

नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंय म्हणून नुसतं ताई. पण आभार मात्र चारचौघांत मानणार, कारण फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, लॉग बघ आधी" म्हणून विषयच संपवता.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या कॉलेजात केमिस्ट्री-फिजिक्सच्या पीएचडीवाल्या पोरांसाठी एक जुना क्लस्टर आहे, म्हणजे एकत्र जोडलेले कम्प्युटर, त्यातला प्रत्येक एक नोड. सगळ्यांना सांभाळणारा एक हेड नोड आणि बाकी सगळे आकडेमोड करणारे कम्प्युट नोड, त्यांना डिस्कच नाही, नेटवर्कवरून बूट होतात, वर स्लर्म, म्हणजे कोणाचं काम कुठल्या नोडवर चालवायचं ते ठरवणारं सॉफ्टवेअर. ऐन मे महिन्यात लाईट गेली ती रात्रभर आलीच नाही, यूपीएस कधीच मान टाकून बसला. सकाळी लाईट आल्यावर काही नोड उठलेच नाहीत आणि जे उठले ते क्लस्टरमध्ये येईनात, एसइन्फो (नोडची हालत दाखवणारी स्लर्मची कमांड) मारलं की नुसती डाऊन, डाऊन, डाऊन. वऱ्हाड दारात उभं आणि मांडवात कोणी घेईना अशातली गत. देखभालीच्या एएमसीवाल्यांचं म्हणणं, सगळं पुसून नव्याने टाका. पोरांचे थिसिस अडकलेले, एकीची तर सबमिशनची तारीख डोक्यावर.

तेव्हा कोणीतरी तुमचा नंबर दिला. ओळख ना पाळख, आणि तुम्ही रिटायर झालेल्या. मी "नोड बूट होत नाहीत हो" एवढंच म्हणालो तर तुम्ही म्हणालात, होत नाहीत म्हणजे काय, कुठपर्यंत जातात ते सांग. पॉवर येते का, स्क्रीनवर काही येतं का, डीएचसीपीचा, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या सर्व्हरचा, आयपी मिळतो का, बूटची फाईल उतरते का, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सुरू होतो का, की सगळं होऊन स्लर्म नाही म्हणतो? प्रत्येक नोडपुढे एक शब्द लिही आणि मग फोन कर. आणि तोवर कशालाच हात लावू नकोस.

तो कागद अजून माझ्याकडे आहे. लिहून काढल्यावर दिसलं की हा एक आजार नाहीच, तीन-चार वेगळे आहेत आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे सगळ्यांची डोकी फिरलीत.

पहिला गट, आयपी मिळतो, "एनबीपी फाईल डाऊनलोडेड सक्सेसफुली" (म्हणजे बूटची फाईल नीट उतरली) असं छान येतं आणि नोड गपचूप बूट मेनूवर परत. सक्सेसफुली लिहिलंय म्हटल्यावर नेटवर्ककडे बघायचंच नाही एवढं कळत होतं, पुढे काही सुचेना. सिरियल कन्सोल (केबलवरून नोडची स्क्रीन बघायची सोय) लावला तर कोरा, शेवटी मॉनिटर आणि कीबोर्ड ट्रॉलीवर घालून नोडपर्यंत ढकलत नेला. तुम्ही म्हणालात, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जा आणि तारीख वाच. तारीख कितीतरी वर्षांपूर्वीची! मदरबोर्डवरचे घड्याळ आणि सेटिंग जपणारे सीआर२०३२ सेल संपलेले. एरवी रीबूट केलं तरी स्टँडबाय पॉवर चालू असते म्हणून कधी कळलंच नाही, रात्रभर करंट गेला तेव्हा बायोस आपल्या मूळ सेटिंगवर, म्हणजे बूट व्हायच्या जुन्या पद्धतीचं, लेगसीचं, नवीन यूईएफआय झालं आणि सिरियल कन्सोलही बंद. आमचा डीएचसीपी सर्व्हर मात्र सगळ्यांना पीएक्सईलिनक्स ही एकच बूट फाईल देत होता, ती लेगसीची, यूईएफआयच्या काही कामाची नाही. आधी नोड लेगसीवर आणून पोरांचं काम सुरू करून दिलंत, आणि मग सावकाश डीएचसीपीचा ऑप्शन ९३ समजावलात, ज्यात नोड स्वतःच सांगतो की मी कुठल्या जातीचा, आणि सर्व्हरने त्याप्रमाणे फाईल द्यायची. आता दोन्ही चालतात.

दुसरा गट मला फार आवडला, खरंच. नोड पूर्ण बूट, एसएसएच (लांबून लॉगिन) होतो, स्लर्मडी (नोडवरचा स्लर्मचा भाग) चालू, तरी डाऊन. हेड नोडच्या लॉगमध्ये मंज, म्हणजे नोडची एकमेकांना ओळख पटवणारा प्रोग्राम, ओरडतोय "एक्सपायर्ड क्रेडेन्शियल" आणि नोडवरच्या लॉगमध्ये तोच मंज म्हणतोय "रिवाउंड क्रेडेन्शियल". मी मंजची की (गुप्त किल्ली) फाईल परत कॉपी करायला निघालो होतो, तुम्ही म्हणालात, की चुकली असती तर वेगळी बोंब मारली असती, हे दोघं वेळेवरून भांडतायत. एक म्हणतोय तुझा कागद शिळा, दुसरा म्हणतोय तुझा कागद उद्याचा, म्हणजे नोडचं घड्याळ मागे. मंजचं क्रेडेन्शियल मुळात ३०० सेकंदच टिकतं, इथे तर वर्षांचा फरक. मग क्रोनीने, ज्याचं कामच घड्याळ जुळवायचं, ते दुरुस्त का नाही केलं? कारण नोड ज्यावरून बूट होतात त्या इमेजमध्ये टाईम सर्व्हर इंटरनेटवरचे लिहिलेले आणि कम्प्युट नोडना बाहेर जायला वाटच नाही. हेड नोडकडे वळवलं, मेकस्टेप (वेळ एका उडीत बदलायची सेटिंग) टाकलं, घड्याळं जुळली, मंज गप्प. तरी बरेच नोड डाऊनच, कारण अचानक रीबूट झालेला नोड स्लर्म मूळ सेटिंगमध्ये आपणहून परत घेत नाही, हाताने रिझ्युम म्हणावं लागतं. हे मॅन्युअलमध्ये आहे, पण मॅन्युअल वाचणारा त्या क्षणी पॅनिकमध्ये असतो ना.

नवीन बदललेल्या स्विचवरचे नोड डीएचसीपीलाच अडकत होते. तुम्ही हेड नोडवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं टूल) लावायला लावलंत, त्या नोडकडून एक पॅकेट येईना. स्पॅनिंग ट्रीमुळे, म्हणजे नेटवर्कमध्ये गोल फेरा नाही ना हे स्विच आधी तपासतो त्यामुळे, पोर्ट उघडायला १५ आणि १५ अशी ३० सेकंदं, तोवर नोडचं नेटवर्क कार्ड हात टेकतं. पोर्टफास्ट लावलं, पोर्ट लगेच उघडायला लागले, विषय संपला.

आणि एका नोडवर "लो रिअलमेमरी" येत होतं, म्हणजे स्लर्मच्या कॉन्फिगमध्ये लिहिलीय त्यापेक्षा रॅम कमी. मी कॉन्फिगमधला आकडा कमी करून मोकळा होणार होतो (कुणीही तेच करतं, खोटं कशाला बोला), तर तुम्ही अक्षरशः ओरडलात, आकडा खरा आहे, रॅम गेलीय, ती शोध. स्लर्मडी डॅश कॅपिटल सी (नोडला स्वतःचं हार्डवेअर किती दिसतं ते सांगणारी कमांड) मारलं तर एका स्टिकभर मेमरी खरंच गायब.

ताई, तुम्ही लॉगिन मागितलं नाहीत, एकदाही "सरक, मी करते" म्हणाला नाहीत. रात्री साडेदहाला मी बावळटासारखे प्रश्न विचारायचो तेव्हा मागे टीव्हीचा आवाज यायचा आणि तुम्ही तो बंद करायचात, हे मला ऐकू यायचं. ती सबमिशनवाली पोरगी, तिचे जॉब पूर्ण झाले, थिसिस गेला, तिने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

सेल सगळ्या नोडचे बदलले, बरोबर वेळ हार्डवेअर क्लॉकमध्येही लिहून टाकली. रॅमवाला नोड अजून ड्रेनमध्येच आहे (म्हणजे त्याला नवीन काम देत नाही), स्टिक स्लॉट बदलून बघितली तर दोष स्लॉटचा वाटतोय. रविवारी फोन करतो, चारनंतर, दुपारची तुमची झोप मोडणार नाही.

तुमचा,
क्लस्टरवाला