चित्राखालची रंगपट्टी कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कॉम्प्युटर ग्राफिक्समध्ये काम करतो, म्हणजे प्रकाश वस्तूवर पडून कसा परततो ते गणिताने काढून खऱ्यासारखं चित्र बनवायचं. आपल्या विज्ञान पानावर अशा चित्राखाली नुसतं 'छायाचित्र' लिहिलेलं बघितलं की फार वाईट वाटतं.

हे काम किती बारीक आहे बघा. 1984 साली कॉर्नेल विद्यापीठात रंगीत भिंतींचा एक खोका खरोखर बांधला आणि तोच कॉम्प्युटरवरही काढला. लाल भिंतीची हलकी लाली शेजारच्या पांढऱ्या पृष्ठभागावर उतरते ना, तेवढी लाली चित्रात यावी म्हणून प्रकाश एका भिंतीवरून दुसरीवर किती जातो याचा सगळा हिशोब मांडावा लागला. 1986 मध्ये जेम्स काजिया यांनी असा हिशोब एका समीकरणात बसवला, आजही आम्ही तेच सोडवतो, पण ते सरळ सुटत नाही म्हणून चित्राच्या एकेका ठिपक्यातून शेकडो किरण सोडतीसारखे वाटेल त्या दिशांना सोडून सरासरी काढायची, किरण कमी पडले की चित्र दाणेदार दिसतं, आणि हे दाणे निम्मे करायचे तर किरण चौपट लागतात, त्यामुळे रात्रभर मशीन चालवूनही सकाळी अंधाऱ्या कोपऱ्यात दाणे असतातच. एवढं करून चित्र अगदी खरं दिसतं, पण त्यातली वस्तू बहुतेक वेळा कुठेच नसते.

डेटाच्या, म्हणजे मोजलेल्या आकड्यांवरून काढलेल्या चित्राचं उलट आहे. एप्रिल 2019 मध्ये आलेलं एम87 या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं ते नारिंगी कडं आठवा. मोजणी खरी, पण ती रेडिओ लहरींची, डोळ्याला न दिसणाऱ्या, नारिंगी रंग नंतर दिलेला. हे वाचकाला कोण सांगणार?

आकड्यांना रंग देऊन केलेल्या नकाशांचं तर विचारूच नका. इंद्रधनुष्यी रंग वापरले की पिवळा पट्टा डोळ्यात भरतो आणि तिथे काहीतरी मोठा फरक आहे असं वाटतं, आकडे मात्र सावकाश बदलत असतात. लाल-हिरवा ज्यांना वेगळा ओळखता येत नाही त्यांचे तर हालच. विरिडिस नावाची रंगांची मालिका याच्यावरच उपाय म्हणून केली, जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत उजळपणा सारखा वाढत जातो, त्यामुळे कृष्णधवल पानावरही क्रम टिकतो.

विनंती एवढीच, चित्र मोजलेलं की कल्पनेतलं, आणि रंग कशाचा, हे दोन ओळीत छापा. कोणता रंग म्हणजे किती आकडा हे सांगणारी चित्राखालची रंगपट्टी जागेसाठी कापली जाते ती कृपया कापू नका, चित्र थोडं लहान छापलं तरी चालेल.

आपला,
एक नियमित वाचक