हाय आयडलचं ते बटण

भावा,

मेसेज वाचला, गाडीतलं हाय आयडलचं बटण काय करतं आणि कशाला असतं ते विचारलंयस. तिकडं अमेरिकेत डिझेल मोटरहोम घेतलास आणि मला आत्ता सांगतोस व्हय! वहिनींना म्हणाव, आता रुसून माहेरी जायचं झालं तरी अख्खं घर घेऊनच जाता येईल.

तर ते हाय आयडलचं बटण. डिझेल इंजिन उभ्या गाडीत साधारण ६००-७०० आरपीएमवर असतंय, बटण दाबलं की १०००-१२०० च्या आसपास जाऊन तिथंच थांबतं. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत केबल नाहीतर छोटा एअर सिलिंडर पंपाचा लिव्हर ओढून धरतो, म्हणजे उद्यमनगरातल्या गॅरेजात पोरगं बॉनेटपाशी उभं राहून हातानं रेस धरतंय ना, तेच. इलेक्ट्रॉनिक इंजिनात ओढायला काही नसतंय, बटण ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, नुसता सिग्नल देतं आणि ईसीएम डिझेल कमीजास्त करून आरपीएम धरून ठेवतो, एसीचा कॉम्प्रेसर लागला तरी पडू देत नाही. कमिन्स इंजिनच्या बऱ्याच गाड्यांत वेगळं बटणच नाही, उभ्या गाडीत क्रूझ कंट्रोल ऑन करून सेट दाबायचं.

आता हे कशाला? एक तर इंजिन ६००-७०० वर असताना अल्टरनेटर पाटीवर लिहिलेले अँपिअर देतच नाही, आणि तुझ्या घरात फ्रिज, दिवे, पंप सगळं बॅटरीवर. दुसरं, ब्रेकची आणि सस्पेन्शनची हवा लवकर भरते. तिसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, डिझेल इंजिन लोड नसताना गरमच होत नाही, थंडीत तर अजिबात नाही, मग डिझेल नीट जळत नाही, ओलं चिपाड घातलेल्या गुऱ्हाळाच्या चुलाणागत पांढरा धूर येतो, आणि न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरनं खाली ऑइलमध्ये उतरतं.

पण म्हणून रात्रभर चालू ठेवू नको रे, जनरेटर कशाला दिलाय मग! २००७ नंतरचं इंजिन असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, पण असणार, उभ्या गाडीत तासन्‌तास चालवलंस की काजळीनं तो तुंबतो.

एक मात्र आधी बघ. गिअर न्यूट्रलला आणि पार्किंग ब्रेक लावलेला असेल तरच हाय आयडल लागलं पाहिजे, आणि ब्रेकवर पाय पडला की सुटलं पाहिजे. आधीच्या मालकानं बाहेरनं केबल जोडून जुगाड केलं असेल आणि हे इंटरलॉक नसतील तर ते सरळ काढून टाक, १२०० वर गिअर पडला तर एवढी अवजड गाडी उडी मारती.

इंजिनवरच्या पाटीचा फोटो पाठव, कुठलं मॉडेल ते कळलं की वायरिंगचं बघू.

तुझाच,
उद्यमनगरकर